तीन नंबर बसलाय

१

निरोप समारंभात आमचे साहेब म्हणाले होते, की निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा, नाहीतर तो बायकोच्या फोडणीत लक्ष घालू लागतो. मी तो सल्ला मानला. रोज सकाळी साडेनऊला दुसरा चहा घेऊन मधल्या खोलीत बसतो, लाल रिफिलचं पेन काढतो आणि वर्तमानपत्रातलं मराठी दुरुस्त करतो. दुरुस्त केलेला अंक कुणाला पाठवत नाही. तो रद्दीत जातो. जुन्नरमधली सर्वांत शुद्ध रद्दी आमच्या घरी निघते.

घर आठ वर्षांपूर्वी बांधलेलं. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, सगळं एका रांगेत. दारं तीन, तीही एका ओळीत. साडेनऊला माझी बायको शीला धुणं वाळत घालायला गच्चीवर जाते. तिच्या माघारी शेजारचं मांजर दुधापर्यंत पोचू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन वरची कडी लावायची, हे माझं काम. संसारातला माझा वाटा विचाराल तर तो हा एवढाच.

आश्विनातल्या एका मंगळवारी ती कडी लागेना.

कडी वर सरकवली ती चौकटीच्या लाकडावर आपटली. भोक बोटभर डावीकडे होतं. भोक सरकत नसतं, सरकतं ते दार, एवढी अक्कल मला आहे. दार खांद्याने रेटलं, उचलून पाहिलं, शेवटी खुर्ची लावून ठेवली. दहा वाजता शीला खाली आली. तिने एका बोटाने कडी सरकवली. कडी लोण्यात गेल्यासारखी भोकात गेली.

"अहो, हिला काय झालंय?" ती म्हणाली. "ते मांजरसुद्धा तुमच्यापेक्षा लवकर शिकलं असतं."

मी हसलो. पण हसताना लक्षात आलं, की साडेनऊ ते दहा ही वेळ मला दुसऱ्या कशासाठी तरी पाठ आहे.

२

आदल्या संध्याकाळी एक फोन आला होता. त्याचा आणि कडीचा काही संबंध नाही, असं मी धरून चाललो.

"काका, मी आरती बोलतेय. रामदास मेकॅनिकची मुलगी."

मी अठ्ठावीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या बंदराजवळच्या कचेरीत कारकून होतो. कंपनीचं काम भर समुद्रात तेलाच्या विहिरी खोदण्याचं. त्यासाठी जी रिग असते ती म्हणजे एक अवाढव्य टेबल समजा. तीन पायांचं. फरक इतकाच, की पाय टेबलाच्या खाली जोडलेले नसतात, टेबलातून आरपार वर गेलेले असतात, दीपमाळेसारखे उंच. पाय समुद्राच्या तळावर टेकतात आणि टेबल मोटारींच्या जोरावर त्या पायांवरून दात-दात करत वर चढतं. पाय जिथून आरपार जातो तिथे त्याला सरळ ठेवणारी लोखंडी बाही असते, तिला गाइड म्हणतात. बाही जरा सैल असते. त्या सैलपणाची फट चारी बाजूंना सारखी असली तर पाय सरळ. एकीकडे कमी, समोर जास्त, तर पाय कलला. टेबल हव्या त्या उंचीवर पोचलं, की पायाच्या दात्यांत दुसरे दाते घालून लॉक बसवायचं आणि मोटारी मोकळ्या करायच्या. मग सगळा भार त्या लॉकवर.

आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या मागच्या एका वाडीतला रामदास या फटी मोजायचा. त्याला नोकरीला मीच लावलं होतं. त्याच्या मागून त्याच वाडीतला गोरखही आला. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिसऱ्या पायावरचं लॉक सुटलं आणि सगळा डोलारा एका दाताएवढा खाली आला. एक दात म्हणजे वीतभर. पाय ज्या पोकळीतून वर जातो तिच्यात, गाइडच्या खालच्या अंगाला, तेव्हा दोन माणसं होती, रामदास आणि गोरख.

"आजीला घेऊन रविवारी येऊ का?" आरतीने विचारलं. "एकच विचारायचंय."

"विचार की."

"फोनवर नको. पण सांगून ठेवते. बाबा शेवटच्या फोनवर काय बोलले, ते शब्दाला शब्द. मी आता मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौकशीचा अहवाल मिळवला मी. त्यात लिहिलंय, मेकॅनिकने न तपासता लॉक बसल्याचं कळवलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, गोरखकाकाची आई, भागूबाई, आमच्या समोरच्याच घरात राहते. आजी दर पाडव्याला तिच्या उंबऱ्यावर डोकं टेकवायला जाते. माझ्या पोरानं तिचं पोर नेलं, म्हणते. भागूबाई हिला बघितलं की दार लावून घेते. अकरा पाडवे झाले. बाबांनी न बघता सांगितलं असलं तर तसं सांगा, आमी सोसू. पण बघून सांगितलं असलं, तर ह्या पाडव्याला मी आजीला जाऊ देणार नाय."

दिवाळीचा पाडवा पंधरा दिवसांवर होता.

"रविवारी या," मी म्हणालो. "साडेनऊच्या सुमाराला."

हीच वेळ का दिली, कोण जाणे. तोंडातून गेली.

३

बुधवारीही कडी लागेना. गुरुवारी गेणू सुताराला बोलावला. त्याला नऊ वाजता ये म्हटलं, म्हणजे तो साडेनऊला आला.

गेणूने दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग मागे सरून, एक डोळा मिटून फटीकडे बघत राहिला. डाव्या कोपऱ्यात वर फट बोटभर, उजव्या कोपऱ्यात जेमतेम. खाली याच्या उलट.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "घर बसलंय तुमचं."

हातातला चहा मी खाली ठेवला. हा शब्द मी अकरा वर्षं बोलण्यात टाळत आलो आहे. पाहुणा आला तर 'या, टेका' म्हणतो. शीलाला वाटतं, ही माझी विनोदी लकब आहे.

"बसलंय म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी काय? खचलंय. काळी माती, त्यात यंदा पाऊस लई. एका अंगानं पाया खाली गेला आसंल. इचारताय काय असं? जुन्नरचंच ना तुमी?"

मग त्याने पिशवीतून ओळंबा काढला आणि चौकटीला लावला. दोरी लाकडाला अगदी समांतर. दुसऱ्या बाजूला लावला, तिथेही तेच. गुण्या लावला, कोपरा काटकोनात. दाराच्या फळीला लावला, तीही सरळ.

"चौकट सरळ, दार सरळ," गेणू हळू म्हणाला, "आन् फट वाकडी. असं व्हत न्हाई, राव."

"डोळ्यांचा दोष असेल."

"दोघांच्या बी?"

"मग रंधा मार थोडा. कडी लागली की झालं."

त्याने ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला. "कशापायी वाकडं झालंय त्ये कळल्याबिगर मी लाकडावर हात टाकत नाय. आज हितं तासायचं, उद्या तिकडं फट पडायची." आणि हा माणूस, जो आमच्याकडे दोन कप चहा घेतल्याशिवाय खिळा ठोकत नाही, तो चहा न घेता गेला.

दहाला मी फट पुन्हा पाहिली. चारी बाजूंना सारखी होती. कडी लागली.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. वाचनाची आवड असलेल्या माणसाने कशावरच विश्वास ठेवू नये. मी कारणं लिहून काढली. एक, हवेतला दमटपणा. दोन, डाव्या डोळ्यातला वाढता मोतीबिंदू. तीन, रविवार. तिसऱ्या कारणापुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि मग ते कारणच खोडलं.

जे मोजता येतं त्याला घाबरायचं नसतं. कपाटात जुन्या कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. फटीत एकावर एक किती कार्डं मावतात ते मोजायचं ठरवलं. तीन दारं, प्रत्येकाचे चार कोपरे. शुक्रवारी साडेनऊला, शीलाची पावलं गच्चीच्या जिन्यावर वाजली तशी, पहिल्या दारापासून सुरुवात केली.

पहिलं दार: चार, चार, चार, चार. दुसरं दार: चार, चार, चार, चार. तिसरं दार: नऊ, दोन, दोन, नऊ.

वर्तमानपत्राच्या समासात आकडे लिहिले. लिहून झाल्यावर पाहिलं, तर मी ते बारा आकडे तीन ओळींत, चार रकान्यांत लिहिले होते, रेघाही आखल्या होत्या. हा तक्ता मी आयुष्यात काही हजार वेळा भरला आहे. रोज सकाळी साडेनऊला रिगवरून फोन यायचा, रामदास बारा आकडे सांगायचा, मी ते मराठीतून घेऊन इंग्रजी छापील तक्त्यात घालायचो आणि दहापर्यंत साहेबांच्या टेबलावर ठेवायचो. साहेबांना मराठी येत नव्हतं आणि रामदासला दुसरं काही धड येत नव्हतं. कंपनीच्या दृष्टीने मी एक बाही होतो. त्याचं बोलणं माझ्यातून सरळ वर जायचं.

बारा आकडे आणि शेवटी एक तेरावा रकाना: लॉकची स्थिती.

५

शनिवारी तिसऱ्या दाराचा आकडा अकरापर्यंत गेला.

स्टुलावर चढून डाव्या वरच्या कोपऱ्यात मी अकरा कार्डांची चळत घातली. बारावं जात नव्हतं. चळत बाहेर काढणार, एवढ्यात ती पलीकडून कुणीतरी धरली.

ओढली नाही. धरली. मग हलकंसं आत घेतलं, सोडलं, पुन्हा आत घेतलं, सोडलं. दोनदा.

एकदा रामदास सुट्टीवर आला असताना कचेरीत आला होता. फट कशी मोजतात ते त्याने माझ्या टेबलाच्या खणावर दाखवलं होतं. पोलादी पट्टी फटीत घालायची आणि दोनदा हलकं ओढायचं. पट्टी घासली पाहिजे, अडकता कामा नये. "ह्ये हातालाच कळतं, भाऊसाहेब," तो म्हणाला होता. "दोनदा वढायचं. एकदा आपल्यासाठी, एकदा लिवणाऱ्यासाठी." कचेरीतले सगळे हसले होते. सगळ्यांत आधी मी.

मी चळत सोडली. स्टुलावरून उतरता आलं असतं. त्याऐवजी मी फटीला डोळा लावला. का, ते माहीत नाही. वाचक माणूस, समोर अक्षर असलं की वाचतोच, तशातलं काहीतरी.

पलीकडे आमचं स्वयंपाकघर नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पलीकडे करडा, ओला उजेड होता. त्यातून काहीतरी खालून वर चाललं होतं, अतिशय सावकाश. काळं, जाड, पाणी निथळणारं. एक दात आला. मग खाच. मग पुढचा दात. खाऱ्या पाण्याचा आणि ग्रीसचा वास आला. आणि त्या दात्यांच्या अलीकडे, माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर, एका माणसाचा कान होता. फक्त कान. तो फटीकडे वळवलेला होता, समोरचा काय म्हणतो ते ऐकायला वळवतात तसा.

मी दार ढकललं. ओटा, शेगडी, दुधाचं पातेलं, त्यावर ताट. खिडकीला गज. जमिनीवर अकरा पोस्टकार्डं नीट रचून ठेवलेली.

"अहो," शीलाने नंतर विचारलं, "दाराची टपालपेटी केलीत का? आणि या कार्डांना ग्रीस कुठलं? आपल्या घरात साधी सायकल नाही."

वरच्या कार्डावर अंगठ्याचा काळा, लंबगोल ठसा होता. मी ते कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि खिशात ठेवलं. दिवसभर ते तिथेच होतं. ते फेकून द्यायचं कारण सुचलं नाही, ठेवायचंही सुचलं नाही.

६

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. चौकशी समितीलाही नाही, शीलालाही नाही.

रामदास फोनवर लांबण लावायचा. "भाऊसाहेब, त्यो तिसरा पाय जरा कलल्यावानी वाटतोय, म्हंजी कलला न्हाई, पर मनाला बरं वाटंना..." मी त्याला म्हणायचो, "रामदास, छापील तक्त्यात 'कलल्यावानी'चा रकाना नाही. 'मनाला' नावाचाही नाही. बसला की नाही बसला, एवढं एका शब्दात सांग." शेजारच्या टेबलांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो. लोक हसले की बरं वाटायचं. दोन वर्षांत मी त्याला एक शब्द बोलायला शिकवला. माझ्या हाताखालून शुद्ध होऊन निघालेला तो एकुलता एक माणूस.

त्या सकाळी त्याने आकडे सांगितले. तिसऱ्या पायाचे आकडे वाकडे होते, ते मी लिहिले. त्याला धाप लागली होती. मग तो म्हणाला, "तीन नंबर बसलाय."

'लॉक' हा शब्द तो म्हणाला नाही. रोज म्हणायचा, 'तीन नंबरचं लॉक बसलं'. लॉक बसलं. पाय बसला. आमच्या भागात भिंत बसते, विहीर बसते, पावसात घर बसतं, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं मराठी आहे. माझं पेन तेराव्या रकान्यावर एका उचकीएवढा वेळ थांबलं होतं. तेवढा वेळ थांबलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मग मी इंग्रजीत लिहिलं, लॉक व्यवस्थित बसले आहे. दुसऱ्या रिगचा फोन ताटकळत होता. रामदास अजून बोलत होता. एका शब्दात सांग म्हटलेलं असताना पुढे बोलत होता, याचा मला राग आला. मी रिसीव्हर ठेवला.

साहेबांनी माझा तक्ता वाचून मोटारी मोकळ्या करायला सांगितल्या. आकड्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. आकडे वाचायची वेळ येऊ नये म्हणूनच तर तेरावा रकाना असतो.

चौकशीत मला विचारलं, मेकॅनिक काय म्हणाला? मी सांगितलं, "'बसलाय' म्हणाला. ऐकलं तसं लिहिलं." माझ्या आयुष्यातलं सर्वांत निर्दोष वाक्य. त्यात एकही चूक काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

७

रविवारी दोघी आल्या. घोडेगावहून एसटी बदलून आल्या होत्या. आरती उंच, पाठीवर कॉलेजची पिशवी. रामदासची आई अंबाबाई वाळून खारकेसारखी झालेली. खुर्ची दिली तर म्हणाली, "खालीच बरं वाटतं, पावणं." आणि मधल्या खोलीत, तिसऱ्या दाराच्या चौकटीला पाठ टेकवून बसली. शीलाने चहा दिला आणि धुण्याची बादली घेऊन वर गेली. मी सवयीने दार ओढून घेतलं. कडी लागली नाही.

अंबाबाईचा कान फटीपाशी होता. मी म्हटलं, "आजी, इकडे सरका, तिथे वारं येतं."

"येऊं द्या की."

"काका, सांगा," आरती म्हणाली.

काय सांगायचं ते मी रात्रभर पाठ केलेलं होतं. "तो म्हणाला, तीन नंबर बसलाय."

"तीन नंबरचं लॉक बसलंय, असं?"

"तीन नंबर बसलाय, असं."

तिने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. "लॉक म्हणाले नाहीत?"

"शब्दाला शब्द सांग म्हणालीस म्हणून सांगतोय."

"काका, आमच्याकडं पाय बसला म्हणजे खचला. तुमी याच भागातले. तुमी काय समजून लिहिलं?"

"ऐकलं तसं लिहिलं," मी म्हणालो.

हे वाक्य बाहेर पडलं आणि तिसऱ्या दारात काहीतरी वाजलं. मोठा आवाज नाही. लोखंड लोखंडावर टेकावं तसा. आरतीने दाराकडे पाहिलं. वरची फट तिलाही दिसली असावी, कारण ती उठून उभी राहिली.

अंबाबाई पुटपुटत होती.

"चार. चार. चार. चार."

"आजी?"

"चार, चार, चार, चार." म्हातारीने डोळे मिटले होते, मान फटीकडे कलती, लांबून कुणी हाक मारत असलं की करतात तशी. "आरते, त्यो सांगतोय. आन् ह्ये लिवत न्हाईत."

आरती घाबरली असेल तर तिने तसं दाखवलं नाही. तिने पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी ओढलं आणि जमिनीवर आजीसमोर बसली. "सांग."

"पंधरा. एक." अंबाबाई थांबली, ऐकलं. "एक. पंधरा."

हे आकडे पोस्टकार्डांचे नव्हते. हे तिसऱ्या पायाचे, त्या सकाळचे होते. तो तक्ता चौकशीत जमा झाला होता. मी ते आकडे विसरलो आहे, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत होतो.

"म्होरलं मला उमगंना," अंबाबाई डोळे उघडून म्हणाली. "लई भराभरा बोलतोय. तुमचं नाव घेतोय, भाऊसाहेब. तुमीच ऐका." आणि ती बाजूला सरकली. आमच्याकडे पंगतीत नवीन माणसाला जागा देतात, तशी सरकली.

मी नाही म्हणू शकलो असतो. आरती माझ्याकडे बघत होती, पेन कागदावर टेकलेलं. मी जमिनीवर बसलो आणि कान फटीला लावला. लाकूड ओलं आणि गार होतं.

ऐकलं ते मी मोठ्याने म्हणत गेलो. त्याचं जसं होतं तसंच. एक काना, एक मात्रा न बदलता.

"भाऊसाहेब, तीन नंबर बसलाय. पाय खचलाय वो, दातं निम्मंच लागल्यात. मोटारी सोडू देऊ नका. गोरख खाली उतारलाय ग्रीस लावाया, हाका मारल्या, त्याला ऐकू जाईना. सायबाला तुमी सांगा, तुमचं ऐकत्याल. म्या खाली जातो, त्याला घिऊन येतो. तवर फोन ठिवू नका."

आरतीचं पेन चालत होतं. मग थांबलं. हे मी त्या फटीतून ऐकलं, की रिसीव्हर खाली ठेवेपर्यंतच्या अंतरात तेव्हाच ऐकलं होतं आणि आज फक्त वाचून दाखवलं, हे मला सांगता येणार नाही. विचार करू जाता दुसरंच जास्त संभवतं. आणि ते जास्त भयंकर आहे.

"बाबा त्याला आणायला उतरले होते," आरती म्हणाली.

"होय."

"तुमी ऐकलं व्हतं, काका."

"होय."

तिने वही माझ्यापुढे धरली. "खाली सही करा. नाव, हुद्दा, तारीख." मी केली. तिने शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हींसाठी मी तयारी केली होती.

अंबाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल गं, आरते. पाडव्याची वाट कशाला बघायची? आजच भागूकडं जाऊ. आज ती दार लावाया लागली ना, तर बाहीरनंच वाचून दाखव. मोठ्यानं वाच. आख्ख्या वाडीला ऐकू गेलं पायजे." पदर डोक्यावर घेताना तिने एकदा दाराकडे पाहिलं, लेकरू झोपलंय का ते पाहावं तसं, आणि बाहेर पडली.

आरती उंबऱ्यात थांबली. "काका, उठा आता. फरशी गार आहे."

मी मान हलवली. त्यांची पावलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली, मग गच्चीवरून उतरणाऱ्या शीलाची, मग तिने मला दोनदा मारलेली हाक. दहा कधीच वाजून गेले होते. फट अजून तशीच होती. मला उठता येत नव्हतं असं नाही. पलीकडे कुणीतरी लोखंडी शिडीवरून खाली उतरत होतं, एकेक पायरी, घाई असूनही जपून. मी त्या पायऱ्या मोजत होतो, आणि त्या अजून संपल्या नव्हत्या.